प्रोग्रॅमनं थांबायचं कधी आणि सावरायचं कधी? सी भाषेतले एरर आणि असर्ट

१८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास जगभरातल्या असंख्य वेबसाइट एकदम आडव्या झाल्या. चॅटजीपीटी उघडेना, एक्स उघडेना. सोलापुरात होस्टेलवर बसून असाइनमेंट उरकणाऱ्या पोरांना आधी वाटलं असणार, आपलंच वायफाय गेलं. प्रत्यक्षात अडकली होती क्लाउडफ्लेअर. वेबसाइट आणि आपण यांच्या मधे बसून येणारी-जाणारी रहदारी सांभाळणारी ही कंपनी. कोणी हल्ला केला नव्हता, कुठे केबल तुटली नव्हती. कंपनीनं स्वतःच दिलेल्या खुलाशानुसार त्यांच्या डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये एक बदल झाला, त्यापायी एका फाइलीत त्याच त्या नोंदी पुन्हा पुन्हा आल्या आणि फाइल फुगली. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला २०० नोंदींची मर्यादा होती, एरवी वापरात साठेकच असायच्या. मर्यादा ओलांडल्याबरोबर वाचणाऱ्या फंक्शननं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या ते एक काम करणाऱ्या तुकड्यानं, रीतसर ‘एरर’ परत दिला. पण तो घेणाऱ्या कोडनं धरून ठेवलं होतं की इथे एरर येणारच नाही. आला, तेव्हा प्रोग्रॅमनं स्वतःलाच बंद केलं. रात्री आठपर्यंत बरंचसं सुरळीत झालं, बाकीचं निस्तरायला साडेदहा वाजून गेले.

तो कोड रस्ट नावाच्या नव्या भाषेत होता. प्रश्न मात्र जुनाच, आणि तो सगळ्यात उघडावाघडा दिसतो सी भाषेत. डेनिस रिची यांनी १९७२ च्या आसपास बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा आजही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा तिच्यात आहे, तुमच्या फोनमधला डेटाबेस तिच्यात आहे, आणि कारखान्यात मशीनला लावलेल्या कंट्रोल कार्डातला कोडही बहुतेक वेळा तिच्यातच असतो. काही बिघडलं तर प्रोग्रॅमनं जागच्या जागी थांबावं की सावरून पुढे जावं? सी यातलं काहीच आपणहून ठरवत नाही. तो निर्णय लिहिणाऱ्याचा. त्यासाठी दोन वेगळी हत्यारं आहेत, एक एरर परत देणं आणि दुसरं असर्ट, आणि बहुतेक गोंधळ एकाच्या जागी दुसरं वापरल्यानं होतो.

(एक खुलासा: फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. कीबोर्डसमोर बसलात की ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

## सी आरडाओरडा करत नाही

पायथन किंवा जावा शिकलेल्यांना सवय असते की फाइल सापडली नाही तर भाषाच बोंब मारते आणि कोणी लक्ष दिलं नाही तर प्रोग्रॅम कोसळतो. सीमध्ये फाइल उघडणारं एफओपन हे फंक्शन अशा वेळी गुपचूप ‘नल’ परत देतं. नल म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता. मेमरी मागणारं मॅलॉकही तेच करतं. काही फंक्शनं उणे एक देतात, काही शून्य. ही जी परत आलेली किंमत, तिला रिटर्न व्हॅल्यू म्हणतात, आणि ती बघायची की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर सोडलेलं असतं. नाही बघितली तर कंपायलर, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणारं साधन, बहुतेक वेळा चकार शब्द काढत नाही.

बिघडलं ते का बिघडलं, हे एररनो नावाच्या एका आकड्यात ठेवलेलं असतं. फाइल नाही, परवानगी नाही, डिस्क भरली, असे प्रत्येकाचे ठरलेले क्रमांक. त्याचा एक खोडसाळपणा लक्षात ठेवावा: फंक्शन यशस्वी झालं म्हणून स्टँडर्ड लायब्ररी एररनो परत शून्य करत नाही. म्हणून आधी रिटर्न व्हॅल्यू बघायची, बिघाड दिसला तरच एररनो वाचायचा, आणि तोही लगेच. मधे पडद्यावर मजकूर छापणारं एक प्रिंटएफ टाकलात तर त्यानंच एररनो बदललेला असू शकतो.

काही फंक्शनं तर बिघाड सांगूच शकत नाहीत. अक्षरांचा आकडा करणारं एटुआय हे त्यातलं प्रसिद्ध. समजा कामगारानं १२० टॉवेल विणले आणि नोंद करणाऱ्यानं शेवटच्या शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ दाबला. एटुआय बारापर्यंत वाचतं, ‘ओ’ दिसला की थांबतं आणि १२ हा आकडा अगदी आत्मविश्वासानं परत देतं. एकशे आठ टॉवेलांची मजुरी गेली आणि प्रोग्रॅमच्या लेखी सगळं आलबेल. पूर्ण कचरा दिला तर ते शून्य देतं, म्हणजे खरं शून्य आणि कचरा यांत फरकच उरत नाही. याच कामाचं स्ट्रटुएल नावाचं फंक्शन वाचन कुठे थांबलं ते दाखवतं आणि आकडा मावला नाही तर एररनोमध्ये तसं नोंदवतं. वापरायला दोन ओळी जास्त लागतात. पाठ्यपुस्तकांत एटुआयच का असतं याचं मला आजवर पटणारं कारण मिळालेलं नाही.

## असर्ट: माग आपणहून थांबतो तेव्हा

दुसरं हत्यार असर्ट. कंसात एक अट लिहायची, उदाहरणार्थ असर्ट(नग >= ०). अट खरी असेल तर काहीच होत नाही. खोटी निघाली तर प्रोग्रॅम जिथे आहे तिथे मरतो. मरताना कोणती अट मोडली, कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर, कोणत्या फंक्शनात, हे छापून जातो. ‘मजुरी.सी, ओळ ८७, मजुरी_काढ, अट नग >= ० मोडली’ अशा थाटाचा तो संदेश असतो. मग अबॉर्ट हे फंक्शन बोलावलं जातं आणि खेळ खलास.

पहिल्यांदा ऐकताना हे अघोरी वाटतं. चालता प्रोग्रॅम मारून काय मिळवायचं? पण सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहिलेल्याला हे समजायला अडचण येऊ नये. जपानच्या साकिची टोयोडा यांचा १९२४ चा जी-टाइप माग दोन गोष्टींसाठी नावाजला गेला. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपत आलं की तो न थांबता धोटा बदलायचा. आणि ताण्याचा धागा तुटला की आपणहून थांबायचा. कांडी संपणं हे विणकामात रोज व्हायचंच, त्यासाठी माग बंद ठेवणं परवडत नाही. धागा तुटलेला असताना माग चालू राहिला तर मात्र वारच्या वार कापड खराब निघतं, आणि दोष कुठे सुरू झाला ते शोधायला कापड उलगडत बसावं लागतं. कांडी बदलणं म्हणजे एरर सावरणं. धागा तुटल्यावर थांबणं म्हणजे असर्ट.

प्रोग्रॅमचंही तसंच. आतली एखादी गोष्ट चुकीची झाल्यावर तो पुढे चालत राहिला तर चूक झाली एकीकडे आणि लक्षण दिसलं दुसरीकडे, हजार ओळी पलीकडे, कधी तिसऱ्या दिवशी. असर्ट ते अंतर कमी करतो.

## अट मोडली तर चूक कोणाची?

कुठे काय वापरायचं हे ठरवायला मी हा एकच प्रश्न विचारतो. कोड लिहिणाऱ्याची चूक असेल तर असर्ट. बाहेरच्या जगाची असेल, म्हणजे फाइल, नेटवर्क, डिस्क, मेमरी, सेन्सर किंवा समोर बसलेला माणूस, तर एरर म्हणून सावरायचं.

टॉवेल कारखान्याच्या आठवड्याच्या पगाराचा छोटा प्रोग्रॅम घेऊ. मजुरी नगावर. एका फाइलीत ओळीओळीनं कामगार क्रमांक, नग आणि दर लिहिलेले. प्रोग्रॅम ती वाचतो, प्रत्येकाची मजुरी काढतो, विभागवार बेरजा करतो, शेवटी एकूण रक्कम देतो.

फाइलच नाही. चूक कोणाची? बाहेरची. कोणीतरी पेन ड्राइव्ह लावायला विसरलं. इथे असर्ट टाकणं म्हणजे मुनीमजींच्या तोंडावर इंग्रजी संदेश फेकून खिडकी बंद करणं. ‘नोंदीची फाइल सापडली नाही, नाव तपासा’ असं सांगून पुन्हा विचारायचं.

सतराव्या ओळीत नगाच्या जागी अक्षरं आहेत. बाहेरचीच चूक. ओळीचा क्रमांक दाखवून ती बाजूला काढायची. बाकीची यादी पुढे न्यायची की सगळंच थांबवायचं, हा धंद्याचा निर्णय आहे, भाषेचा नाही. पगाराच्या बाबतीत मी म्हणेन थांबवा. अर्धवट पगारपत्रक छापलं गेलं की नंतरची भांडणं निस्तरणं जड जातं.

आता मजुरी_काढ हे आतलं फंक्शन. त्याच्याकडे नग आणि दर येतात ते आधी तपासून घेतलेले, असा आपलाच आपल्याशी करार. तरीही नग उणे आला, तर याचा अर्थ तपासणीच्या कोडमध्ये भोक आहे. चूक आपली. इथे असर्ट(नग >= ०) अगदी योग्य. तसंच शेवटी: सगळ्या विभागांची बेरीज आणि थेट कामगारांवरून केलेली बेरीज जुळलीच पाहिजे. असर्ट(विभागांची_बेरीज == एकूण). ही अट कुठल्याही इनपुटनं मोडता कामा नये. मोडली, तर एखादा कामगार दोनदा मोजला गेलाय किंवा सुटलाय, आणि तो पगार वाटला जाण्याआधी प्रोग्रॅम मेलेला बरा. (रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवायची. दशांशात ठेवली तर ही अट विनाकारण मोडू शकते आणि दोष असर्टला येईल.)

नग उणे आहे का हे दोन ठिकाणी तपासलं, ते दुप्पट काम वाटेल. पण दोन तपासण्यांचा अर्थ वेगळा आहे. पहिली विचारते, ‘नोंद बरोबर आहे ना?’ दुसरी विचारते, ‘पहिली तपासणी खरंच झाली ना?’

क्लाउडफ्लेअरच्या बाबतीत हाच प्रश्न लावून बघा. ती फाइल त्यांच्याच दुसऱ्या यंत्रणेनं तयार केलेली होती, म्हणून लिहिणाऱ्याला ती ‘आपली’ वाटली असावी. पण वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीनं ती बाहेरूनच येत होती. फाइल मोठी निघाली तर जुनी, चालणारी फाइल वापरत राहणं शक्य होतं. आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या खोलीतून आलेला डेटा हा बाहेरचा डेटा असतो, हे मोठ्या यंत्रणांत सगळ्यात जास्त विसरलं जातं.

## असर्ट गायब होतो

आता असर्टची ती गोष्ट, जी माहीत नसेल तर तो वापरूच नये. कंपाइल करताना एनडीबग नावाचं एक चिन्ह दिलं, तर सगळे असर्ट पुसले जातात. तपासणी होत नाही एवढंच नव्हे, कंसात लिहिलेलं काहीच चालत नाही. सी स्टँडर्डच तसं सांगतं.

म्हणून असर्ट(यादी_वाच(फाइल) == ०) ही ओळ घातक आहे. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ती यादी वाचते आणि वाचली का ते तपासते. गिऱ्हाइकाला द्यायच्या आवृत्तीत एनडीबग लागतं, ओळ नाहीशी होते, तिच्यासोबत यादी वाचणंही नाहीसं होतं. प्रोग्रॅम रिकाम्या यादीवर पगार काढतो, एकूण शून्य, आणि शून्य बरोबर शून्य असल्यानं बेरजाही जुळतात. उपाय साधा: काम आधी वेगळ्या ओळीत करून उत्तर एका चलात घ्यायचं, आणि कंसात फक्त बघायचं, काही बदलायचं नाही. या उदाहरणात तर यादी वाचणं हे बाहेरचं काम, तिथे मुळात असर्ट नकोच.

सुरक्षेच्या तपासण्यांचंही तेच. पासवर्ड बरोबर आहे का, आलेला मजकूर जागेत मावतो का, या गोष्टी असर्टवर सोडल्या की एनडीबगच्या एका फटक्यात दार सताड उघडं.

एक गैरसमज इथेच दूर करावा. जीसीसी या कंपायलरला वेग वाढवायचा पर्याय दिला म्हणून असर्ट जात नाहीत. एनडीबग वेगळं द्यावं लागतं. पण सीमेकसारखी साधनं रिलीजची आवृत्ती बांधताना ते परस्पर देतात, व्हिज्युअल स्टुडिओही देतं. आपण दिलं नाही म्हणून ते नाहीच असं समजू नये.

## ‘हॅलो वर्ल्ड’सुद्धा खोटं बोलतो

लिनक्सवर एक गंमत करून बघा. तिथे डेव्ह फोल्डरमध्ये फुल नावाचं एक खोटं उपकरण असतं. त्यावर काहीही लिहायला गेलं की ‘डिस्क भरली’ असं उत्तर मिळतं. मुद्दाम चाचणीसाठीच ठेवलेलं. आता प्रत्येकानं लिहिलेला तो पहिला प्रोग्रॅम, ‘हॅलो वर्ल्ड’ छापणारा, त्याचं आउटपुट या उपकरणाकडे वळवा. एक अक्षरही कुठे लिहिलं गेलेलं नाही, पण प्रोग्रॅम संपताना शून्य परत देतो, म्हणजे ‘काम फत्ते’.

असं का? प्रिंटएफ अक्षरं लगेच बाहेर पाठवत नाही. ती आधी बफर नावाच्या राखीव जागेत साठवतं आणि खरं लिहिणं नंतर, अनेकदा प्रोग्रॅम संपताना होतं. त्यामुळे प्रिंटएफची रिटर्न व्हॅल्यू तपासली तरी ती ‘ठीक’ म्हणते. बिघाड होतो तो मेन, म्हणजे प्रोग्रॅमचं मुख्य फंक्शन, संपल्यावर, तेव्हा विचारायला कोणी उरलेलं नसतं. पगारपत्रक फाइलीत लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचंही तसंच: फाइलीत छापणारं एफप्रिंटएफ सगळीकडे खुशाल म्हणतं, आणि डिस्क भरल्याचं कळतं ते फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजला. एफक्लोजची रिटर्न व्हॅल्यू बघणारा कोड तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

यावरची जुनी, भरवशाची पद्धत अशी: नवं पगारपत्रक वेगळ्या नावाच्या तात्पुरत्या फाइलीत लिहायचं, बफर रिकामा करणारं एफफ्लश आणि एफक्लोज दोन्हींची उत्तरं तपासायची, सगळं ठीक असेल तरच रीनेमनं जुन्या फाइलीच्या जागी तिला बसवायचं. लिनक्ससारख्या यंत्रणांवर रीनेम एका दमात होतं: नाव एकतर जुन्या फाइलीकडे असतं किंवा नव्या, मधलं काही नाही. याचा फायदा असर्टलाही मिळतो. अबॉर्ट होताना बफरमधलं लिहिलं जाईलच याची खात्री नसते, म्हणून असर्टनं मेलेला प्रोग्रॅम अर्धी फाइल मागे ठेवू शकतो. तात्पुरत्या फाइलीची पद्धत असेल तर अर्धवट राहील ती तात्पुरती, जुनं पगारपत्रक शाबूत. (मधेच वीज जाण्याचाही बंदोबस्त हवा असेल तर रीनेमच्या आधी एफसिंकनं डेटा खरोखर डिस्कवर ढकलावा लागतो.)

## मग गिऱ्हाइकाकडे जाताना असर्ट ठेवायचे की काढायचे?

इथे जाणत्यांतही मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजूंना वजन आहे.

एसक्यूलाइट हा सीमध्ये लिहिलेला डेटाबेस जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. त्याच्या कोडमध्ये हजारो असर्ट आहेत. ते चालू ठेवले तर डेटाबेस सुमारे तीन पट मंद चालतो, म्हणून चाचणीत चालू आणि वापरात बंद. पण त्यांनी आणखी एक शहाणपण केलं आहे: ऑल्वेज आणि नेव्हर नावाच्या दोन खुणा. ‘ही अट नेहमी खरीच असणार अशी आमची खात्री आहे, तरीही खोटी निघाली तर असं करा’ असं त्यातून लिहिता येतं. चाचणीत ती असर्टसारखी थांबते, प्रत्यक्ष वापरात साधी ‘इफ’ (जर-तरची तपासणी) बनून सावरायची वाट घेते. मला ही मधली वाट फार आवडते.

दुसऱ्या टोकाला बाइंड. इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधून देणारा, डीएनएसचा हा प्रसिद्ध प्रोग्रॅम, तोही सीमध्येच. त्यातले असर्ट प्रत्यक्ष वापरातही चालूच असतात. भूमिका अशी की शंका आली तर बंद पडणं चालेल, पण हल्लेखोराच्या हाती जाता कामा नये. याची किंमतही त्यांनी मोजली आहे. जुलै २०१५ मध्ये सीव्हीई-२०१५-५४७७ या क्रमांकाची त्रुटी जाहीर झाली: मुद्दाम घडवलेलं एक पॅकेट बाहेरून पाठवलं की आतली अट मोडायची आणि अख्खा सर्व्हर बंद. पॅकेट एक, आणि त्या सर्व्हरवर अवलंबून असलेले सगळे अंधारात. बाहेरच्याला मोडता येईल अशी अट असर्टमध्ये गेली की असं होतं. हा दोष इतका वारंवार आढळतो की त्रुटींच्या जागतिक यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, सीडब्ल्यूई-६१७.

लिनक्सच्या गाभ्याचा नियम आणखी वेगळा. तिथे बग_ऑन हा असर्टसारखा हुकूम आहे, पण नव्या कोडमध्ये तो टाळा आणि वॉर्न_ऑन वापरा, असं लिखित मार्गदर्शन आहे. वॉर्न_ऑन नोंद करतो आणि पुढे जातो. अख्खी यंत्रणा पाडायची की नाही हे ती चालवणाऱ्यानं ठरवावं, कोड लिहिणाऱ्यानं नाही, असा त्यामागचा विचार.

माझं मत विचाराल तर पगाराच्या प्रोग्रॅमसारख्या कामात असर्ट चालू ठेवावेत. तिथे वेग हा प्रश्नच नसतो, आणि चुकीचं उत्तर हे न मिळालेल्या उत्तरापेक्षा महाग पडतं.

## थांबणं सुरक्षितच असतं असं कुठे आहे?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं एक महागडं उदाहरण ४ जून १९९६ चं. फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियन-५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि चाळीसेक सेकंदांत ते हवेतच संपलं. सोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले. कोड सीमध्ये नव्हता, एडा भाषेत होता. धडा मात्र तोच. रॉकेटची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत एक ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवला जात होता. त्यात ३२७६७ च्या वर मावत नाही. जुन्या एरियन-४ च्या उड्डाणमार्गावर तेवढी किंमत कधी येत नसे, एरियन-५ च्या मार्गावर आली. धोक्याची चलं सात होती. संगणकावर भार नको म्हणून चारांनाच संरक्षण दिलेलं, तीन उघडी.

एरर आल्यावर यंत्रणेनं काय केलं? स्वतःला बंद केलं. कारण रचनेमागचं गृहीतक असं होतं की बिघाड हा हार्डवेअरचा असणार, आपण थांबलो की राखीव संगणक ताबा घेईल. राखीव संगणकात तोच कोड होता आणि तो त्याच कारणानं क्षणभर आधीच बंद पडला होता. बंद पडताना पाठवलेली निदानाची माहिती मुख्य संगणकानं उड्डाणाचीच माहिती समजून वापरली. वर आणखी कडेलोट म्हणजे गणिताचा तो भाग उड्डाणानंतर कामाचाच नव्हता.

तेव्हा असर्ट टाकताना पुढचा प्रश्नही विचारायला हवा: थांबल्यावर काय? कॉम्प्युटरवरचा पगाराचा प्रोग्रॅम थांबला तर माणूस पुन्हा चालू करेल. मशीनच्या कंट्रोल कार्डात अनेकदा ऑपरेटिंग सिस्टिमच नसते, तिथे अबॉर्ट होऊन जायला जागाच नाही, आणि मोटर फिरतच राहू शकते. अशा ठिकाणी असर्ट स्वतः लिहून घेतात. अट मोडली की आधी मोटर आणि हीटर बंद, मग ओळ क्रमांक टिकणाऱ्या मेमरीत लिहायचा, मग कार्ड रीसेट. सोबत वॉचडॉग असतो, म्हणजे कोडनं ठरावीक वेळात हजेरी दिली नाही तर कार्ड पुन्हा सुरू करणारं घड्याळ.

## प्रत्येक ओळ तपासत बसलं तर कोड वाचायचा कसा?

खरं आहे, सी कोड तपासण्यांनी बरबटतो. फाइल उघडली, तपासलं, मेमरी घेतली, तपासलं. तिसऱ्या पायरीवर बिघडलं तर आधीच्या दोन परत करायच्या, चौथ्यावर बिघडलं तर तीन. लिनक्सच्या कोडमध्ये यासाठी गोटू, म्हणजे कोडमधल्या दुसऱ्या जागी थेट उडी मारायचा हुकूम, वापरतात. हो, तोच गोटू, जो वापरला तर व्हायवात मार्क जातात. फंक्शनच्या तळाशी आवराआवरीच्या ओळी उलट्या क्रमानं लिहायच्या, प्रत्येकीला नाव द्यायचं, आणि बिघाड होईल तिथून योग्य नावावर उडी मारायची. आवराआवरी एकाच जागी राहते आणि सुटत नाही. मागे उडी मारणारा गोटू वाईट, हा पुढे आणि खाली जाणारा गोटू सीमध्ये सर्रास चालतो.

त्यातही इफनंतरचे महिरपी कंस विसरू नयेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनची सुरक्षा घाईघाईनं दुरुस्त करावी लागली, कारण सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या सी कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली होती. वरच्या इफला कंस नसल्यानं दुसरी ओळ बिनशर्त चालायची. तिच्यामुळे सहीची शेवटची तपासणी टळायची, आणि एररच्या चलात तोवर शून्य असल्यानं फंक्शन ‘सगळं ठीक’ सांगायचं.

## ‘मॅलॉक कधी फेल होतच नाही’ म्हणे

लिनक्सवर हे अर्धं खरं आहे. तिथे मेमरी मागितली की प्रत्यक्षात शिल्लक नसतानाही बहुतेक वेळा ‘घे’ म्हणतात, आणि खरोखर संपली की एखादा प्रोग्रॅमच मारला जातो. पण आकडा चुकून अवाढव्य निघाला, किंवा प्रोग्रॅमवर मेमरीची मर्यादा घातलेली असली, की मॅलॉक नल देतंच. काही किलोबाइट मेमरीच्या कार्डात तर ती रोजची शक्यता. घेतलेली जागा लहान-मोठी करणारं रीॲलॉक वापरताना उत्तर जुन्याच पॉइंटरमध्ये, म्हणजे पत्ता ठेवलेल्या चलात, घेऊ नका. नल आला तर जुनी जागा तशीच राहते, पण तिचा पत्ता तुम्ही पुसलेला असतो.

## चालवायच्या आधीच पकडता येतं ते

काही अटी कोड चालवायच्या आधीच ठरवता येतात. कंट्रोल कार्डाकडून कॉम्प्युटरकडे जाणारी एक नोंद नेमकी १६ बाइटांची असायला हवी, पण दोन कंपायलर मधे वेगवेगळी रिकामी जागा सोडतात. अशी अट २०११ च्या स्टँडर्डपासून स्टॅटिक असर्टनं लिहिता येते. मोडली तर प्रोग्रॅम तयारच होत नाही, आपण लिहिलेला संदेश दाखवून कंपायलर अडून बसतो. सी-२३ या नव्या स्टँडर्डमध्ये, जे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं, हा भाषेचा मूळ शब्दच झाला. त्यातच नोडिस्कार्ड नावाची खूणही आली. ती ज्या फंक्शनला लावली, त्याचं उत्तर कोणी न बघता टाकून दिलं तर कंपायलर इशारा देतो. जुन्या जीसीसीतही या कामाची स्वतंत्र खूण आहे. स्टॅटिक असर्टवर एनडीबगचा काहीही परिणाम होत नाही, आणि तयार प्रोग्रॅममध्ये त्याचा एक बाइटही उरत नाही.